बसलेलं नाक: ते का खचतं आणि पुन्हा कशाच्या आधारानं उभं राहतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१. आठ वर्षांपूर्वी खेळताना नाकावर जोरात कोपर लागलं. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसलं नाही, म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्यानंतर तीन-चार दिवस दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद होत्या, नाक ठणकत होतं, तापही आला. मग सगळं निवळलं, पण पुढच्या काही महिन्यांत नाकाच्या दांड्याचा मधला भाग खाली बसला. आता जोरात श्वास घेतला की उजवी बाजू आत ओढली जाते आणि रात्री तोंडानं श्वास घ्यावा लागतो. एका डॉक्टरांनी ‘पडदा वाकडा आहे, तेवढं ऑपरेशन करू’ असं सुचवलं, दुसऱ्या ठिकाणी फिलर (सुईनं त्वचेखाली भरायचा जेल) भरून दांडा सरळ करून देतो म्हणाले. काय करावं, आणि दुरुस्त केलेलं नाक पुन्हा बसतं का?

आधी स्पष्ट उत्तर देतो: सुचवलेल्या दोन्ही गोष्टी सध्या करू नका. नुसतं पडद्याचं ऑपरेशन केलं तर उरलासुरला आधारही जाण्याचा धोका आहे. फिलरनं खड्डा झाकला जाईल, पण श्वास आहे तसाच अडेल. तुमच्या नाकाचा मूळ प्रश्न आधार नाहीसा झाल्याचा आहे. तो परत उभा करायचा तर कशाचा आधार गेला आणि का गेला, हे आधी ठरवावं लागतं.

नाकाचा वरचा एक तृतीयांश भागच हाडाचा असतो. चष्मा टेकतो तिथपर्यंत हाड, त्याखाली सगळी कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असा भाग. मधल्या भागात पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन कूर्चा छपरासारख्या उतरलेल्या असतात, आणि टोकाशी नाकपुड्यांना गोलाई देणाऱ्या आणखी दोन. या सगळ्यांचा भार पेलते ती मधली भिंत, म्हणजे पडद्याची पुढची चौकोनी कूर्चा. तिची दांड्यालगतची वरची पट्टी आणि ओठाच्या दिशेनं उतरणारी पुढची पट्टी, अशा काटकोनातल्या दोन पट्ट्यांवर नाकाचा खालचा दोन तृतीयांश भाग उभा असतो. पडद्याचं ऑपरेशन करताना मधली वाकडी कूर्चा काढता येते, पण या दोन पट्ट्या प्रत्येकी किमान १० ते १५ मिलीमीटर रुंद राखाव्याच लागतात. हाड आणि कूर्चा जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा तर शाबूत राहायलाच हवा. तो निखळला की दांडा खचतो.

तुमच्या वर्णनातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ते तीन-चार दिवस. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. मार लागल्यावर या आवरणाच्या आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साठलं की आवरण सुटं होतं आणि कूर्चेची उपासमार सुरू होते. तीन-चार दिवसांत ती मरू लागते. साठलेल्या रक्तात जंतू शिरले तर पू होतो, ताप येतो, आणि कूर्चा आणखी झपाट्यानं विरघळते. तुमच्या बाबतीत असंच घडलं असण्याची शक्यता मला खूप मोठी वाटते. एक्स-रे निर्दोष होता यात नवल नाही, कारण एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. हे ओळखायला नाकात प्रकाश टाकून पाहावं लागतं: पडद्यावर दोन्ही बाजूंना लालसर-जांभळी, दाबली की मऊ लागणारी फुगवटी दिसते आणि नाक मोकळं करणारे थेंब टाकूनही ती लहान होत नाही.

इथे थोडा थांबतो, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात लहान मूल असेल. मुलांमध्ये ही रक्ताची गाठ साध्या पडण्यानंही होते, नाकातून फारसं रक्त न येताही होते, आणि कधीकधी मार लागल्यानंतर एखाद-दोन दिवसांनी होते. मार लागल्यावर नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. छोटा छेद देऊन रक्त काढणं, आवरण पुन्हा कूर्चेला चिकटून राहावं म्हणून टाके किंवा स्प्लिंट (आधाराची पट्टी) घालणं, अँटिबायोटिक देणं आणि पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा तपासणं, एवढ्यावर नाक वाचतं. उशीर झाला तर पडदा विरघळतो आणि वाढत्या वयात नाकाची, कधीकधी वरच्या जबड्याच्या मधल्या भागाचीही वाढ खुंटते.

आता तुमच्या दोन तक्रारींकडे. दांडा खचलेला दिसणं ही एक आणि श्वास घेताना नाकाची भिंत आत ओढली जाणं ही दुसरी. दोन्ही बऱ्याचदा एकत्र येतात, पण त्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. दांडा बसलेला असूनही श्वास छान चालणारी माणसं असतात, आणि आरशात अगदी रेखीव दिसणारं नाक प्रत्येक श्वासाला मिटत असतं.

भिंत आत का ओढली जाते? मधल्या भागात पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. अरुंद नाकांत तिचा कोन साधारण १० ते १५ अंशांचा असतो, रुंद नाकांत त्याहून जास्त. संपूर्ण श्वसनमार्गातला सर्वांत चिंचोळा भाग तो हाच. आपल्या श्वासाला होणाऱ्या एकूण विरोधापैकी जवळपास निम्मा नाकात होतो, आणि त्यातला मोठा वाटा या फटीचा. सरळ नळीचा व्यास निम्मा झाला तर विरोध सोळापट होतो. नाक म्हणजे काही सरळ नळी नव्हे, पण इथे एखाद्या मिलीमीटरनं एवढा फरक का पडतो ते यावरून समजतं. त्यात आणखी एक गोष्ट: चिंचोळ्या जागेतून हवा वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो आणि भिंत आत खेचली जाते. पातळ स्ट्रॉमधून जोरात ओढलं की स्ट्रॉ चपटी होते, तसंच हे आहे. भिंतीची कूर्चा दणकट असेल तर ती टिकते. ती दुबळी असेल किंवा तिला धरणारा पडदाच खाली बसला असेल, तर माणूस जितका जोर लावतो तितकं नाक मिटत जातं. म्हणूनच असे रुग्ण सांगतात की शांत बसलो की ठीक असतं, जिना चढलो किंवा धावलो की नाक साथ देत नाही.

घरी बघण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. आरशासमोर उभं राहून मान थोडी मागे करा, आधी शांत श्वास घ्या, मग जोरात. नाकपुडीची कडाच आत जाते का, की तिच्या वर, दांड्याच्या मध्यावर बाजूला खळगा पडतो, ते बघा. त्यानंतर नाकाच्या बाजूचा गाल दोन बोटांनी हलकेच कानाच्या दिशेनं ओढा. श्वास लगेच मोकळा झाला तर अडथळा त्या फटीत असण्याचा संभव वाढतो. मॉरिस कॉटल या शल्यचिकित्सकाच्या नावानं ही चाचणी ओळखली जाते. पण गाल ओढल्यावर ज्यांना काही आजार नाही अशांनाही थोडं मोकळं वाटतंच, त्यामुळे एवढ्यावर निदान करू नये. आम्ही नाकात बारीक काडी घालून भिंतीला नेमक्या एका जागी, न ढकलता, नुसता टेका देतो आणि रुग्णाला श्वास घ्यायला सांगतो. कुठे टेका दिला की चेहरा खुलतो, ते ठिकाण नोंदवून ठेवायचं, कारण पुढे ग्राफ्ट, म्हणजे आधाराचा कूर्चेचा तुकडा, तिथेच बसवायचा असतो. ही तपासणी अक्षरशः दोन मिनिटांची आहे आणि कुठलंही यंत्र तिची जागा घेऊ शकत नाही. सीटी स्कॅन सायनस आणि हाडं बघायला चांगला, पण तो स्थिर चित्र देतो. श्वासाबरोबर हलणारी भिंत त्यात दिसत नाही. सीटी निर्दोष आहे म्हणून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगितलं गेलेले रुग्ण नेहमी येतात, आणि त्यांचं मला फार वाईट वाटतं.

टोकही दाबून बघावं लागतं. बोटानं टोक आत दाबलं आणि ते लगेच परत उसळलं तर पुढचा खांब, म्हणजे ओठाकडे उतरणारी ती पुढची पट्टी, शाबूत आहे. दाबलेलं टोक ओठावर जाऊन सहज टेकत असेल तर तो खांब गेला आहे, आणि मग दुरुस्ती बरीच मोठी होते. नुसता दांड्यावरचा खड्डा भरून तिथे भागत नाही.

कारणाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे घाई केलेली महाग पडते. तुमच्या बाबतीत मार लागल्याचा इतिहास ठळक आहे. पूर्वी झालेलं नाकाचं ऑपरेशन हेही नेहमीचं कारण. पडद्याची कूर्चा गरजेपेक्षा जास्त काढली गेली किंवा सौंदर्यासाठी उंच दांडा तासताना बाजूच्या कूर्चांचा आधार सुटला, की काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी नाक खचतं. पण ज्या नाकाला मारही लागलेला नाही आणि जे कधी शस्त्रक्रियेला सामोरं गेलेलं नाही, ते नाक बसायला लागलं तर तो शरीरातल्या दुसऱ्या आजाराचा पहिला इशारा असू शकतो, आणि असा इशारा मी कधीही हलक्यात घेत नाही.

ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस हा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार नाकापासून सुरू होऊ शकतो: जाड खपल्या, रक्ताळलेला शेंबूड, पडद्याला भोक, मग खचलेला दांडा. तोच आजार फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतो. म्हणून एएनसीए ही रक्ताची तपासणी, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी, छातीचं चित्र आणि नाकातल्या भागाचा तुकडा काढून तपासणी, असं सगळं लागतं. आजार नाकापुरताच असेल तर एएनसीए निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे एका रिपोर्टवर समाधान मानायचं नाही. रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस या आजारात शरीर स्वतःच्याच कूर्चेवर हल्ला करतं. कान लाल होऊन सुजतो पण कानाची पाळी, जिच्यात कूर्चा नसते, ती अगदी व्यवस्थित राहते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. या आजारात श्वासनलिकेची कूर्चाही सापडू शकते, म्हणून आवाज बसणं किंवा दम लागणं याबद्दल विचारायलाच हवं. कुष्ठरोग, सिफिलिस आणि क्षयरोग यांनीही नाक बसतं. यांतले सगळे औषधांनी बरे होतात, आणि आजार शांत झाल्यावर नाकही उभं करता येतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (एक कर्करोग) नाकाचा मधला भाग खाऊन टाकतो, तिथे तर तुकड्याची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

कोकेन नाकातून ओढणाऱ्यांचा पडदाही असाच नष्ट होतो. रक्तवाहिन्या सतत आकसत राहतात, कूर्चा मरते, भोक पडतं, टाळूपर्यंतही जातं. अशा रुग्णांत एएनसीए पॉझिटिव्ह येऊ शकते आणि निदान चुकीच्या वाटेला लागतं. म्हणून डॉक्टरांनी हे विचारलं तर खरं सांगा. हा प्रश्न तुमच्या चारित्र्याबद्दल नसतो. व्यसन सुटून बराच काळ गेल्याशिवाय दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, कारण नवी बसवलेली कूर्चाही तशीच विरघळते.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: नाकात वारंवार खपल्या धरणं, दुर्गंधी, शिट्टीसारखा आवाज, रक्ताळलेला स्राव, कान किंवा सांधे दुखणं-सुजणं, डोळे लाल होणं, किंवा नाक अजूनही हळूहळू खाली जात असल्याची भावना, यांतलं काहीही असेल तर ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवून आधी तपासण्या करा. यांतलं काहीही नसेल आणि नाकाचा आकार गेली सात वर्षं जसाच्या तसा असेल, तर कारण जुनं आणि संपलेलं आहे असं मानून पुढे जाता येतं.

उपचारांत पहिली पायरी नेहमी औषधांची. पातळ भिंतीच्या नाकाला ॲलर्जीची सूज असली तर त्रास दुप्पट वाटतो. म्हणून मी चार ते सहा आठवडे स्टेरॉइडचा स्प्रे रोज आणि नियमित घ्यायला सांगतो, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगतो आणि मग पुन्हा तपासतो. स्प्रेची नळी पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे रोखायची, नाहीतर पडदा कोरडा पडून रक्त येतं. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे घेऊ नका. त्यांची सवय लागते आणि सूज कायमची होते. रात्री नाकावर बाहेरून लावायची पट्टी किंवा नाकपुडीत घालायचा छोटा डायलेटर वापरून पाहा. अनेकांना तेवढ्यानंही झोप लागते. शिवाय पट्टीनं फरक पडला तर अडथळा भिंतीतच आहे, असा पुरावाही मिळतो. ऑपरेशन नको असेल तर आयुष्यभर हेच करत राहणंही पूर्णपणे योग्य आहे.

फिलरबद्दल माझं मत कडक आहे. हायलुरोनिक ॲसिड भरून किरकोळ खळगा काही महिन्यांसाठी झाकता येतो, हे खरं. पण नाकाच्या दांड्यावरच्या बारीक धमन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. फिलर धमनीत गेलं तर नाकाची त्वचा मरते, आणि क्वचित दृष्टी जाते, ती बहुतेक वेळा परत येत नाही. मार लागलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या नाकात धमन्यांची जागा बदललेली असते, त्वचा आतल्या भागाला चिकटलेली असते, म्हणून तिथे हा धोका आणखी वाढतो. तुमचं नाक त्याच गटातलं आहे. शिवाय आधाराच्या जागी वजन ठेवल्यानं श्वास मोकळा होणार नाही.

नुसतं पडद्याचं ऑपरेशन का नको, तेही सांगतो. पडदा वाकडा असेलही. पण तुमच्या पडद्याची मधली कूर्चा गेली असण्याची शक्यता आहे. आत दिसणारी जाडसर वाकडी भिंत नुसती व्रणाची असू शकते. ती सरळ करण्याच्या नादात उरलेल्या पट्ट्या सुटल्या तर आज मध्ये बसलेलं नाक उद्या टोकापर्यंत खचेल. तुम्हाला हवी आहे ती पडदा आणि दांडा एकत्र दुरुस्त करणारी सेप्टोरायनोप्लास्टी, आणि अशा नाकात ती उघड्या पद्धतीनं केलेली बरी. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर छोटा छेद देऊन त्वचा वर उचलली की सगळा सांगाडा डोळ्यांसमोर येतो. छेदाची खूण बहुतेकांत वर्षभरात शोधावी लागते.

आधारासाठी कूर्चा कुठून आणायची, हा या ऑपरेशनमधला खरा निर्णय. पहिली पसंती पडद्याच्याच कूर्चेला असते: सरळ, टणक, हाताशी. तुमच्याकडे ती पुरेशी शिल्लक नसेल. दुसरा पर्याय कानाची कूर्चा. कानाच्या मागून छेद देऊन वाटीसारख्या भागातली कूर्चा काढली तर कानाचा आकार बदलत नाही. ती वळणदार आणि लवचीक असते, म्हणून नाकपुडीच्या भिंतीला टेका द्यायला उत्तम, पण संपूर्ण दांड्याचा भार पेलायला कमी पडते. तिसरा पर्याय बरगडीची कूर्चा, साधारण सहावी ते आठवी बरगडी. मुबलक आणि दणकट. तुमच्यासारख्या नाकात, टोकाचा आधारही गेला असेल तर, मी बरगडीच निवडेन. आधार अपुरा पडून दुसरं ऑपरेशन करावं लागण्यापेक्षा छातीवरची दोन-तीन सेंटिमीटरची खूण परवडते.

बरगडीचे दोन दोष माहीत असायला हवेत. एक म्हणजे ती वाकते. ताज्या कूर्चेत ताण साठलेला असतो, एका बाजूनं तासली की ती दुसऱ्या बाजूला वळते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ साली दाखवून दिलं की सर्व बाजूंनी समतोल तासून गाभ्याचा भाग वापरला तर वाकणं कमी होतं. आजही आम्ही तेच तत्त्व पाळतो, तुकडा कापून काही वेळ सलाइनमध्ये ठेवतो, तो कुठे वळतो ते बघतो आणि मगच बसवतो. दुसरा दोष म्हणजे वयाबरोबर या कूर्चेत कॅल्शियम साठतं आणि ती ठिसूळ होते. ३१ व्या वर्षी सहसा ही अडचण येत नाही. छातीच्या आतल्या पडद्याला भोक पडण्याचा छोटा धोका असतो, म्हणून कूर्चा काढल्यावर जखमेत सलाइन भरून फुप्फुस फुगवून बुडबुडे येतात का ते तिथल्या तिथे तपासलं जातं. कूर्चा बहुधा उजव्या बाजूची घेतात, पुढे कधी छातीत दुखलं तर हृदयविकाराशी गल्लत नको म्हणून. छाती काही दिवस, खोकताना-हसताना तर दोन-तीन आठवडे, दुखते. रुग्णांना नाकापेक्षा छातीचाच त्रास जास्त आठवतो.

सिलिकॉनसारखे कृत्रिम तुकडे दांड्यावर बसवण्याची पद्धतही आहे. अखंड, जाड त्वचेच्या, कधी मार न लागलेल्या नाकात ते अनेक वर्षं टिकतातही. पण खचलेल्या, व्रण असलेल्या नाकात त्वचेवर ताण येतो, जंतुसंसर्ग होतो, आणि कधी तो तुकडा त्वचा फाडून बाहेर येतो. स्वतःची कूर्चा उपलब्ध असताना मी ते वापरत नाही.

कूर्चा मिळाली की मांडणी. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, दांड्यालगत, दोन लांबट पट्ट्या बसवल्या जातात. त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. जॅक शीन यांनी १९८४ साली ही पद्धत मांडली. त्यानं ती चिंचोळी फट रुंदावते आणि दांड्याची मधली रेषही सरळ होते. पुढचा खांब गेला असेल तर ओठावरच्या हाडाच्या टोकाला घट्ट बांधलेली उभी पट्टी बसवून टोक वर उचलायचं. या दोन्ही एकमेकींना टाक्यांनी जोडल्या की काटकोनी सांगाडा पुन्हा तयार होतो. भिंत तरीही आत जात असेल तर तपासणीत नोंदवलेल्या त्या जागी बॅटन नावाचा वक्र तुकडा बसवतात. दांड्यावरचा खड्डा सर्वांत शेवटी भरतात: एकसंध तुकड्यानं, किंवा बारीक चिरलेली कूर्चा कानाच्या वरच्या स्नायूवरच्या पातळ आवरणात गुंडाळून. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधार न देता खड्डा भरला तर भरलेलं वजनच नाक पुन्हा खाली ओढतं.

एक मर्यादा मी प्रत्येकाला आधीच सांगतो. बरीच वर्षं खचलेल्या नाकाची त्वचा आणि आतलं अस्तर दोन्ही आकसलेली असतात. सांगाडा हवा तितका उंच करता येतो, पण त्यावर त्वचा पुरली पाहिजे. ती ताणून बसवली तर मरते. म्हणून बसलेलं नाक कधीकधी मूळच्यापेक्षा जरा आखूड राहतं. अस्तरच नष्ट झालं असेल तर तोंडाच्या आतून किंवा कपाळावरून अस्तर आणावं लागतं आणि काम दोन-तीन टप्प्यांत जातं. तुमच्या वर्णनावरून तशी वेळ येईल असं वाटत नाही.

वेळेबद्दल: ताज्या मारात वाकलेलं हाड मोठ्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांच्या आत आणि मुलांमध्ये आठवडा-दहा दिवसांत जागेवर बसवतात. ती वेळ गेली की, किंवा आधीचं ऑपरेशन बिघडलं असेल तर, व्रण मऊ व्हायला वर्षभर थांबावं. आजारामुळे बसलेल्या नाकात आजार किमान सहा महिने ते वर्षभर पूर्ण शांत असला पाहिजे. मुलांत बहुधा वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात, पण श्वास फारच अडत असेल तर आधी छोटी दुरुस्ती करतात. तुम्हाला आठ वर्षं झाली आहेत, थांबण्याचं कारण नाही. सिगारेट ओढत असाल तर मात्र ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही बंद. निकोटिननं त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि ग्राफ्ट त्या रक्तपुरवठ्यावरच जगतो.

ऑपरेशननंतर आठवडाभर बाहेरून स्प्लिंट, डोळ्यांखाली दहा-पंधरा दिवस काळं-निळं, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक तोंड उघडून द्यायची. चष्मा दीड महिना दांड्यावर टेकवायचा नाही. धक्का लागणारे खेळ तीन महिने बंद. नाक पहिल्या महिन्यात आधीपेक्षाही जास्त चोंदलेलं वाटतं, ते आतल्या सुजेमुळे. टोकाची सूज उतरायला वर्ष लागतं, म्हणून सहाव्या आठवड्यात आरशात बघून निष्कर्ष काढू नका. आकाराइतकंच श्वासाचंही मोजमाप ठेवा. नोज नावाची पाच प्रश्नांची साधी प्रश्नावली असते, तिचे ० ते १०० गुण होतात, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. ती ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनी भरली की फरक आकड्यात दिसतो.

पुन्हा बसतं का? स्वतःची कूर्चा, नीट बांधलेला सांगाडा आणि संपलेलं कारण, हे तिन्ही असेल तर सहसा नाही. बसवलेल्या कूर्चेचा काही भाग विरू शकतो, विशेषतः बारीक चिरलेल्या कूर्चेचा. बरगडीची पट्टी पहिल्या काही महिन्यांत किंचित वाकू शकते. जंतुसंसर्ग झाला तर ग्राफ्ट जातो. आणि पुन्हा जोराचा मार लागला तर दुरुस्त नाकही मोडतं. या कारणांनी काहींना छोटी दुसरी दुरुस्ती लागते. तशी लागणारच नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे ऑपरेशन करू नका.

सल्ला घ्यायला जाताना मार लागण्याआधीचे चेहऱ्याचे, शक्यतो बाजूनं घेतलेले, दोन-तीन फोटो न्या. आठ वर्षांपूर्वीचे कागद मिळाले तर तेही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा अडथळा नेमका कुठे आहे ते मला काडीचा टेका देऊन दाखवाल का, कूर्चा कुठून घेणार आणि कमी पडली तर पुढे काय, आणि बरगडीची कूर्चा वापरून किती नाकं तुम्ही स्वतः दुरुस्त केली आहेत. उत्तरं पटली नाहीत तर दुसरीकडे जा. घाईचं हे दुखणं नाही, आणि पहिली दुरुस्ती नीट झाली तर पुढची प्रत्येक गोष्ट सोपी होते. तोवर रात्री पट्टी लावून झोपा, स्प्रे आजपासून सुरू करता येईल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि फिलरसाठी घेतलेली वेळ रद्द करा.